काटकसर कोणाच्या ताटातून?

महिन्याच्या पहिल्या तारखेला पगार जमा होतो आणि पाच तारखेपर्यंत त्यातला निम्माअधिक निघूनही जातो. घरभाडे किंवा फ्लॅटचा हप्ता, गाडीचा हप्ता, मुलांची फी, स्कूल बसचे पैसे, सोसायटीचा मेंटेनन्स. दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम, फरिदाबाद या पट्ट्यात नोकरीनिमित्त येऊन स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हे चित्र नवे नाही. उरलेला महिना क्रेडिट कार्डावर ढकलला जातो. सणासुदीला, लग्नकार्याला, आजारपणाला हात पुन्हा त्या कार्डाकडेच जातो. मग एक दिवस असा येतो, की कार्डाचे बिल पगारापेक्षा मोठे झालेले असते.

अशा वेळी घरोघरी एकच ठराव मंजूर होतो, "आता काटकसर करायची!" ठराव चांगलाच आहे. पण त्याची अंमलबजावणी कुठे होते? बहुतेक घरांत ती स्वयंपाकघरात होते. तूप कमी होते, फळांची पिशवी हलकी होते, गृहिणी स्वतःसाठी दूध घेणे थांबवते, तिचे चष्म्याचे काम पुढल्या महिन्यावर जाते. बाकी घराचा खर्च मात्र जिथल्या तिथे राहतो. तीन महिन्यांनी पाहावे तर घरातली बाई दमलेली असते आणि कर्ज जवळजवळ तेवढेच असते.

काटकसर व्यर्थ जाते ती दोन कारणांनी. ती एकाच्याच ताटातून केलेली असते, आणि वाचलेला पैसा कर्जापर्यंत पोहोचतच नाही. या दोन गोष्टी सांभाळल्या तर मध्यम पगाराचे घरही वर्ष-सव्वा वर्षात मोकळे होऊ शकते.

बल्लीमारानमधला हिशेब

कर्जापायी रोजचा खर्च तोडण्याची एक जुनी हकीकत खुद्द दिल्लीतलीच आहे. चावडी बाजारच्या मेट्रो स्थानकावरून चालत जाता येईल अशा अंतरावर, बल्लीमारानमधल्या गली कासिम जानमध्ये मिर्झा गालिब यांची हवेली आहे. आज तिथे स्मारक आहे. उर्दूचा हा थोर शायर आयुष्यभर कर्जात होता. 1830 च्या दशकात सावकारांनी त्याच्यावर हुकूमनामे मिळवले, तेव्हा अटक टाळण्यासाठी त्याला दिवसा घरातच बसून राहावे लागले होते.

सरकारकडून त्याला वर्षाला 750 रुपये, म्हणजे महिन्याला 62 रुपये 8 आणे पेन्शन मिळे. 1857 च्या उठावानंतर ते बंद पडले. 1860 मध्ये पेन्शन पुन्हा सुरू झाले आणि तीन वर्षांची थकबाकी एकदम हाती आली. पण ती बहुतेक घेणेकऱ्यांच्याच हाती गेली. दरम्यान 1859 पासून रामपूरच्या नवाबाने महिना 100 रुपये सुरू केले होते. म्हणजे मिळकत 162 रुपये 8 आणे. खर्च? एका पत्रात गालिबने तो मोजून दाखवला आहे. नुकताच लागू झालेला इन्कम टॅक्स वेगळा, चौकीदार वेगळा, व्याज वेगळे, मुद्दल वेगळे, बायको वेगळी, मुले वेगळी, नोकरचाकर वेगळे. मिळकत मात्र तीच.

मग त्याने काय केले? सकाळचे थंड सरबत बंद केले. दुपारच्या जेवणातले मांस निम्मे केले. रात्रीची दारू आणि तिच्यात मिसळायचे गुलाबपाणी बंद केले. महिन्याला वीस-बावीस रुपये वाचले आणि हप्ता निघू लागला. एकशे बासष्टमधले बावीस म्हणजे मिळकतीचा जवळजवळ सातवा हिस्सा!

या हिशेबात एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. कापलेल्या तिन्ही गोष्टी त्याच्या स्वतःच्या आवडीच्या होत्या. ज्याने कर्ज केले होते, त्यानेच आपल्या ताटातून सुरुवात केली होती. पण पुढे काय झाले? महिना संपायच्या आत रामपूरहून नेमणुकीखेरीज जादा पैसे आले. हप्त्याचे कर्ज फिटले, किरकोळ देणी राहिली. आणि त्याच दिवसापासून सकाळचे सरबत, रात्रीची दारू, पूर्ण मांस सगळे पूर्ववत सुरू झाले! ती राहिलेली किरकोळ देणी पुन्हा वाढली. अखेरच्या दिवसांतही कर्ज फेडण्यासाठी त्याला रामपूरच्या नवाबाकडे विनवण्या कराव्या लागल्या. 15 फेब्रुवारी 1869 रोजी तो वारला, तेव्हाही ऋणमुक्त झाला नव्हता.

किमान रकमेचा सापळा

गालिबच्या काळचा सावकार दारात येऊन बसे, म्हणून तो दिसत असे. आजचा सावकार पाकिटात बसतो आणि महिन्यातून एकदाच, तेही अगदी गोड भाषेत बोलतो, "किमान देय रक्कम भरा." ही किमान रक्कम म्हणजे दंड टाळण्याची सोय आहे, कर्ज फेडण्याची नव्हे. इथेच कित्येकांची गफलत होते.

समजा, गाझियाबादच्या वैशालीत एक मराठी जोडपे राहते. मेट्रोची ब्लू लाइन 2011 साली तिथे पोहोचल्यावर दिल्लीत नोकरी करणाऱ्या पुष्कळांनी या भागात घरे घेतली, तसेच हेही. तो बाराखंबा रोडवरच्या कचेरीत, ती घरून शिकवण्या घेते, एक मुलगी सातवीत. धाकट्या दिराच्या लग्नाचा खर्च, नवा फोन आणि मे महिन्यात बिघडलेला एसी मिळून कार्डावर 1,20,000 रुपये बाकी आहेत. व्याज दरमहा साडेतीन टक्के. दिसायला आकडा लहान आहे, पण वर्षाचे ते 42 टक्के होतात. त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी निराळा.

आता हिशेब करून पाहू. 1,20,000 वर महिन्याचे व्याज 4,200 रुपये, त्यावर जीएसटी 756 रुपये, एकूण 4,956. नवऱ्याने 6,000 रुपये भरले तर मुद्दलातून कमी होतात फक्त 1,044 रुपये! दर महिन्याला असेच 6,000 भरत गेले आणि कार्डावर एक रुपयाचीही नवी खरेदी केली नाही, तरी कर्ज फिटायला साडेतीन वर्षांहून अधिक काळ लागतो आणि एकूण सुमारे 2,59,000 रुपये जातात.

हेच घर रोजच्या खर्चातून आणखी 6,000 काढून महिन्याला 12,000 भरू लागले तर? तेच कर्ज चौदाव्या महिन्यात संपते आणि एकूण जातात सुमारे 1,58,000. म्हणजे एक लाखाहून अधिक रुपये वाचतात. काटकसरीचे खरे मोल इथे कळते. वाचवलेले सहा हजार हे नुसते सहा हजार नसतात. पुढच्या महिन्यांचे न लागलेले व्याजही त्यांच्यासोबत वाचते.

कायदा आपल्याला वाचवील अशा भरवशावर राहू नये. 2008 साली राष्ट्रीय ग्राहक आयोगाने क्रेडिट कार्डावर 30 टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित प्रथा ठरवली होती. पण 20 डिसेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. वसुलीच्या बाबतीत मात्र थोडे संरक्षण आहे. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2022 मध्ये स्पष्ट केले, की वसुलीसाठी सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 च्या नंतर कर्जदाराला फोन करता येत नाही, आणि धमकावणे, अपमान करणे यालाही मनाई आहे. हप्ता थकला म्हणजे माणसाने आपली अब्रूही गहाण टाकली, असे नाही.

सहा हजार कुठून आणायचे?

आता या जोडप्याने एका रविवारी वहीत गेल्या महिन्याचा सगळा खर्च लिहून काढला असे समजा. फोनमधले व्यवहार उघडले की रुपयान् रुपया दिसतो, त्यामुळे आठवणीवर विसंबण्याची गरज राहत नाही. काय सापडते?

बाहेरून मागवलेले जेवण महिन्यात आठ वेळा, दर वेळी साधारण 400 रुपये. ते दोनदा केले तर 2,400 वाचतात. नवऱ्याचे कचेरीजवळचे जेवण, दोन वेळचा चहा आणि सिगारेट. डबा नेला आणि सिगारेट सोडली तर 1,800. स्टेशनवरून घरी येताना टॅक्सीऐवजी ई-रिक्षा केली तर 800. दहा मिनिटांत सामान आणून देणाऱ्या अ‍ॅपवरची किरकोळ खरेदी आणि तिचे वरचे आकार मिळून 600. कोणी फारसे पाहत नाही असे दोन टीव्ही चॅनेलचे वर्गणीदारपण 400. बेरीज बरोबर 6,000.

या यादीकडे नीट पाहावे. तिच्यात दूध नाही, तूप नाही, फळ नाही, मुलीची वही-पेन्सिल नाही. स्वयंपाकघर तसेच आहे. कापला गेला तो सोयीचा आणि कंटाळ्याचा खर्च.

पण एक हिशेब वहीत उमटत नाही. नवऱ्याचा डबा सुरू झाला म्हणजे सकाळी सहाला चार पोळ्या जास्त. बाहेरचे जेवण बंद झाले म्हणजे रात्रीची आणखी सहा जेवणे रांधणे आले. हे श्रम कोणाचे? पैसा नवऱ्याच्या खिशातून वाचला आणि कष्ट बायकोच्या खात्यात जमा झाले, तर ती काटकसर फार दिवस चालणार नाही. रात्री भाजी चिरून ठेवणे, कणीक मळणे, डबा स्वतः घासणे ही कामे नवऱ्याने उचलली पाहिजेत. मुलीलाही तिचे काम द्यावे. "अहो, भाजी चिरलीत का?" हा प्रश्न रोज रात्री ऐकू येऊ लागला, की त्या घरात काटकसर मुरली असे समजावे.

एनसीआरमध्ये राहणाऱ्यांना आणखी काही वाटा आहेत. आठवड्याच्या वारावरून ओळखले जाणारे सोम बाजार, बुध बाजार, शनि बाजार जवळपास कुठे ना कुठे भरतातच. रात्री उशिरा, विक्रेते आवरायला लागले की भाजीचे भाव उतरतात. मदर डेअरीच्या बूथवर यंत्रातून मिळणारे सुटे दूध पिशवीच्या दुधापेक्षा लिटरमागे काही रुपयांनी स्वस्त पडते. फक्त किटली घेऊन जावे लागते. एसीचे तापमान एक अंश वाढवले तर सुमारे 6 टक्के वीज वाचते, असे ऊर्जा दक्षता ब्युरोचे सांगणे आहे. वीस अंशांवर चादर ओढून झोपण्यापेक्षा सव्वीसवर पंखा लावून झोपावे, हे शहाणपणाचे. मात्र दिल्लीतल्या नातेवाईकांच्या बिलाशी आपले बिल ताडून पाहू नये. दिल्ली सरकारने 2019 साली 200 युनिटांपर्यंतचे घरगुती बिल शून्य केले, तेव्हा ती सवलत राज्याच्या हद्दीपलीकडच्या गाझियाबाद-नोएडाला नव्हती.

जिथे हात लावू नये

काटकसरीच्या उत्साहात काही खर्च असे कापले जातात, की ते पुढे दामदुप्पट होऊन परत येतात. आरोग्य विम्याचा हप्ता हा त्यातला पहिला. एका आजारपणाने नवे कर्ज उभे राहते. रक्तदाबाची, मधुमेहाची गोळी, दाताचे दुखणे, चष्म्याचा नंबर हेही पुढे ढकलू नये.

कामवाल्या बाईचा पगार हाही असाच. पैशाची ओढाताण झाली, की "या महिन्यात थोडे थांब" असे सर्वांत आधी तिलाच सांगितले जाते, कारण ती व्याज लावत नाही आणि दंडही करत नाही. पण तिचेही भाडे असते, तिच्याही मुलांची फी असते. आपले कर्ज फेडण्यासाठी तिला कर्ज काढायला लावणे हा हिशेब नव्हे, अन्याय आहे. परवडत नसेल तर स्वच्छ शब्दांत काम कमी करावे, पण केलेल्या कामाचे पैसे वेळेवर द्यावेत.

तिसरी गोष्ट म्हणजे गावची वारी. महाराष्ट्रापासून इतक्या दूर राहणाऱ्यांना वर्षातून एकदा आईवडिलांना भेटणे ही चैन नाही. ती बंद करू नये, तिची रीत बदलावी. ऐनवेळी काढलेल्या विमानाच्या तिकिटाऐवजी आधी काढलेले रेल्वेचे तिकीट घ्यावे. गोवा एक्स्प्रेस निजामुद्दीनहून पुणे, सातारा, मिरजेकडे जाते. 1 नोव्हेंबर 2024 पासून आरक्षण 120 ऐवजी 60 दिवस आधी उघडू लागले. ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करून ठेवली, तर हजारो रुपये वाचतात आणि आजीला नातही भेटते.

लोक काय म्हणतील?

खर्च कापताना सर्वांत अवघड जागा घरात नसते, ती घराबाहेर असते. दिल्लीत लग्नाच्या लिफाफ्यात किती घालायचे, दिवाळीला सुक्या मेव्याचा डबा कोणाकोणाला द्यायचा, यांचे अलिखित भाव ठरलेले असतात. हळदीकुंकवाचे वाणही वर्षागणिक महाग होत जाते. ऋण काढून सण करू नये हे आपण लहानपणापासून ऐकतो, पण ऐन सणात ते आठवत नाही.

इथे एकच उपाय चालतो, तो म्हणजे आधी ठरवलेली रक्कम. वर्षाच्या सुरुवातीलाच देण्याघेण्याचा आकडा ठरवावा आणि त्याच्या आत घरच्या हातचे काही द्यावे. डब्यात भरलेले बेसनाचे लाडू आणि चकल्या कोणत्याही सोनेरी कागदापेक्षा शेजारच्या पंजाबी काकूंना जास्त आवडतात.

भिशीचे मात्र वेगळे आहे. पुष्कळ जणी कर्ज झाले की आधी भिशी सोडतात. पण त्या पैशाचा चैनीवर खर्च होत नसेल, तर तो परत मिळणारा पैसा आहे. आपला नंबर लागला, की मिळालेली रक्कम साडीच्या दुकानाकडे न वळता सरळ कार्डावर भरावी. भिशीसोबतच्या महागड्या हॉटेलातल्या जेवणाला मात्र पाळीपाळीने घरच्या पोह्यांचा पर्याय सुचवायला हरकत नाही. असे सुचवणारी एकजण निघाली, की तिच्या पाठोपाठ चार जणी हायसे वाटून मान डोलावतात.

आणि खरा धोका लोकांच्या बोलण्याचा नसतोच. तो घरातल्या न बोलण्याचा असतो. कर्जाची खरी रक्कम पुष्कळ घरांत नवरा-बायकोपैकी एकालाच माहीत असते. नवरा सांगत नाही, कारण त्याला कमीपणा वाटतो. कधी बायको सांगत नाही, कारण माहेरच्या कार्यात तिने परस्पर खर्च केलेला असतो. मग एक जण दिवे मालवत फिरतो आणि दुसरा त्याच दिवशी नवी खरेदी करून येतो. आकडा दोघांसमोर एका कागदावर मांडला जात नाही, तोवर कोणतीही काटकसर गळक्या बादलीत पाणी भरण्यासारखी आहे. तो कागद मांडताना "हे कोणामुळे झाले?" हा प्रश्न विचारू नये. "हे कसे संपवायचे?" एवढेच विचारावे. मुलेही घरातली ओढ ओळखतात; सातवीतल्या मुलीला आकडा सांगितला नाही तरी "वर्षभर आपण जपून खर्च करणार आहोत" हे सांगता येते.

वाचलेला रुपया त्याच दिवशी

महिनाअखेरीस जे उरेल ते कर्जाला भरू, असे ठरवणाऱ्यांच्या हाती बहुधा काहीच उरत नाही. वाचलेला पैसा बचत खात्यात पडून राहिला, की त्याला पाय फुटतात. कार्डाचे व्याज रोजच्या शिलकी बाकीवर मोजले जाते आणि पैसे महिन्यात कितीही वेळा भरता येतात. म्हणून पगाराच्या दिवशीच ठरलेली रक्कम भरून टाकावी, आणि मधे बाहेरचे जेवण टाळले त्या रात्रीच ते चारशे रुपये कार्डावर जमा करावेत. आकडा उतरताना दिसला, की डब्यातली भाजीही गोड लागते.

दुसरे पथ्य याहून कडक आहे. जुनी बाकी असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. खरेदीच्या दिवसापासून व्याज सुरू होते. तेव्हा कर्ज फिटेपर्यंत कार्ड कपाटात, कुलपाआड ठेवावे.

देणी अनेक असतील तर ज्याचे व्याज सर्वांत जास्त, ते कर्ज आधी फेडावे. घराच्या कर्जात जादा पैसे भरून कार्डाची बाकी तशीच ठेवणे म्हणजे दाराला कुलूप लावून खिडकी उघडी टाकणे. बँकेत मुदत ठेव असेल आणि कार्डावर बाकीही असेल, तर ठेवीचे व्याज मिळवण्यात अर्थ नाही. सोने तारण ठेवून कमी व्याजाचे कर्ज काढणे आणि कार्ड एकरकमी फेडणे हाही मार्ग आहे. परंतु तो कार्ड बंद करण्याची तयारी असेल तरच धरावा. नाहीतर पाटल्या बँकेत जातात आणि कार्ड पुन्हा भरते.

चौदाव्या महिन्यानंतर

कर्ज संपले, की त्या घरात सर्वांत धोक्याचा महिना सुरू होतो. महिना 12,000 रुपये एकदम मोकळे होतात. रामपूरचे जादा पैसे हाती पडताच गालिबच्या घरी जे झाले, तेच इथेही होऊ शकते. म्हणून तो हप्ता लगेच थांबवू नये. फक्त त्याचा पत्ता बदलावा. तीन-चार महिन्यांच्या घरखर्चाएवढी रक्कम जमेपर्यंत तेच 12,000 वेगळ्या खात्यात टाकत राहावे. पुढच्या मे महिन्यात एसी बिघडला किंवा गावाहून आजारपणाचा फोन आला, तर मग कार्ड काढावे लागणार नाही. जास्तीचे कार्ड असेल तर ते बंद करून टाकावे. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमांनुसार बाकी नसलेले कार्ड विनंतीनंतर सात कामकाजाच्या दिवसांत बंद करणे बंधनकारक आहे. विलंब झाल्यास ग्राहकाला दिवसाला 500 रुपये द्यावे लागतात.

थोडी मोकळीकही घ्यावी. बाहेरचे जेवण महिन्यातून दोनदाच ठेवून त्यातले एक मुलीच्या पसंतीचे असू द्यावे. गृहिणीने पुढे ढकललेले जे काही असेल, मग तो चष्मा असो की दाताचे काम, ते सर्वांत आधी उरकावे. आणि नवऱ्याने रात्री भाजी चिरण्याची सवय मात्र सोडू नये. कर्ज फिटले म्हणून ती सोडली, तर महिन्याभरात पुन्हा बाहेरून जेवण मागवावेसे वाटू लागते.